गुन्हा माणसाचा, खटला गाडीवर

"अमेरिकेत कायदा सगळ्यांना सारखा, तिथे कोर्टाच्या हुकमाशिवाय तुमच्या वस्तूला कुणी हात लावू शकत नाही." हा मेसेज आज सकाळपासून ग्रुपाग्रुपांत फिरतोय आणि खाली टाळ्यांचा पाऊस. हे धडधडीत खोटं आहे. तिथे न्यायाधीशापर्यंत न जाताही सरकार तुमची वस्तू कायमची घेऊ शकतं, म्हणून लिहायला बसले.

टायसन टिम्ब्ज, राज्य इंडियाना. वडील वारले, विम्याचे पैसे आले, त्यातून त्याने सुमारे ४२,००० डॉलरची लँड रोव्हर घेतली. व्यसनी होता. २०१३ मध्ये साध्या वेशातल्या पोलिसांना हेरॉइन विकताना अडकला. विकलेला सगळा माल मिळून ४०० डॉलरचासुद्धा नव्हता. गुन्हा कबूल केला. एक वर्ष घरातच स्थानबद्ध, पाच वर्षं प्रोबेशन (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली), वर सुमारे १,२०० डॉलरचा भरणा. विषय इथे संपायला हवा होता. पण राज्याने खासगी वकिलांची फर्म नेमून गाडीवर वेगळा दिवाणी दावा ठोकला. त्या गुन्ह्याला कायद्यातला जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलर, आणि गाडी त्याच्या चौपट किमतीची!

हो, दावा गाडीवरच. याला तिथे सिव्हिल फॉरफिचर म्हणतात. प्रतिवादी माणूस नसतो, वस्तू असते. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर रोकड' असा खटला खरोखर झालाय. ती रोकड ज्या गाडीत होती तिच्यात अमली पदार्थ सापडले नव्हते, तरी २००६ मध्ये अपील कोर्टाने ती रोकड सरकारजमा करायला मान्यता दिली. आरोपी माणूस असता तर संशयाला जागा उरणार नाही इतका पुरावा लागला असता, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळाला असता. इथे केंद्रीय कायद्यात 'गुन्ह्याशी संबंध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' एवढ्यावर भागतं. सरकारी खर्चाने वकील मिळायची सोय जवळपास फक्त राहतं घर जात असेल तरच.

आता गरीब माणूस नेमका कुठे मार खातो ते बघा. केंद्रीय यंत्रणेने जप्ती केली की साधारण ६० दिवसांत नोटीस पाठवायची असते. पत्र रवाना झाल्यापासून किमान ३५ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात 'ही वस्तू माझी आहे' असा शपथेवर क्लेम दाखल केला तर सरकारला ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं, नाहीतर वस्तू सोडावी लागते. क्लेम आला नाही तर? जिने जप्त केलं तीच यंत्रणा मालकी संपली असं जाहीर करते. न्यायाधीशाच्या टेबलापर्यंत कागद जातच नाही! इतर बऱ्याच मालमत्तेला यासाठी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे, रोकडीला तीही नाही. भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्याचं पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहतं आणि मुदत टळते. दुसरा सापळा म्हणजे पिटिशन. तो मार्ग सोपा वाटतो, पण तो त्याच यंत्रणेकडे केलेला दयेचा अर्ज असतो. नुसती पिटिशन केली की कोर्टाचा रस्ता हातचा जातो. आणि २,००० डॉलरसाठी वकील करायचा तर त्याची फीच त्याहून जास्त. मग माणूस सोडून देतो.

पैसा जातो कुठे? १९८४ च्या कायद्यापासून केंद्राबरोबर केलेल्या जप्तीतला ८० टक्क्यांपर्यंत वाटा स्थानिक पोलिसांना मिळू शकतो. पकडणाऱ्याचंच बजेट फुगत असेल तर तो कुणाला थांबवेल, हे काय सांगायला हवं?

मान्य, तस्करांच्या टोळ्या रोकडच फिरवतात आणि ती साखळी तोडायलाच हवी. मग आधी गुन्हा सिद्ध करा. न्यू मेक्सिको राज्याने २०१५ मध्ये, नेब्रास्काने पुढच्या वर्षी, मेनने २०२१ मध्ये ही दिवाणी वाट बंदच केली.

टिम्ब्जची गाडी सुप्रीम कोर्टात पोहोचली. नोव्हेंबर २०१८ च्या सुनावणीत न्यायमूर्ती ब्रायर यांनी विचारलं, वेगमर्यादा ताशी पाच मैलांनी ओलांडली म्हणून बुगाटीसारखी महागडी गाडी जप्त करता येईल? राज्याचा वकील हो म्हणाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये नऊही न्यायाधीशांनी निकाल दिला, गिन्सबर्ग यांनी तो लिहिला: अवाजवी दंडाची घटनेतली मनाई राज्यांनाही लागू. तरी गाडी हातात यायला २०२० उजाडलं, आणि राज्याचं अपील २०२१ पर्यंत चालूच.

त्या माणसाचा विचार करते तेव्हा राग जरा निवतो आणि वाईट वाटतं. लहान गावात गाडीशिवाय कामावर जाणार कसं, प्रोबेशनची हजेरी लावणार कशी? सुधारू बघणाऱ्याचे पायच काढून घेतले. त्याला फुकट लढणारी संस्था तरी भेटली. आणि २०२४ मध्ये, मुलाच्या गांजापायी आईची गाडी गेली त्या अलाबामाच्या खटल्यात, त्याच कोर्टाने सहा विरुद्ध तीनने सांगितलं की जप्तीचा निकाल लागेपर्यंत गाडी अडकवून ठेवावी की नाही यासाठी वेगळी प्राथमिक सुनावणी घटनेने बंधनकारक नाही. महिनोन्‌महिने गाडी अडकली तर अडकली!

आपली पोरं, आईवडील तिकडे जातात, म्हणून एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत येता-जाताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड नेणं गुन्हा नाही, कस्टम्सला न सांगता नेणं गुन्हा आहे. एकत्र डिक्लेरेशन देणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात, सगळ्या चलनांची बेरीज होते, आणि मर्यादा चुकवायला पैसे एकमेकांच्या खिशात वाटणं हाही गुन्हाच. जप्ती झालीच तर पावती मागा, पत्ता बरोबर लिहून द्या, बँकेतून पैसे काढल्याचा कागद जपा. नोटीस आली की सगळ्यात आधी तिच्यातली शेवटची तारीख बघा, आणि कोर्टात जायचं असेल तर क्लेमच भरा.