चेक लाइट लागला की सेन्सरच बदलायचा का भो?

इकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिलाय, जळगावातून येतो आणि धुळ्याला जाऊन परत येतो. त्यात म्हटलंय असं: पी०१७१ कोड (चेक लाइट लागल्यावर स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा नंबर) आला म्हणजे एअर-फ्युएल सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपातला, हवा-पेट्रोलच्या मिश्रणावर नजर ठेवणारा) गेला. मायलेज पडलं तरी तोच गेला. मल्टिमीटर लावा, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये आकडा नाचला नाही तर सेन्सर बाद. मग काढून रात्रभर पेट्रोलात बुडवा, तरी जमलं नाही तर सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) सोडून गाडी पळवा, काही होत नाही. मेसेज वाचून लोक खरंच पार्ट मागवायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, कोड. पी०१७१ म्हणजे "सिस्टिम टू लीन", म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त (उलट पेट्रोल जास्त झालं की रिच); त्यात सेन्सर खराब आहे असं कुठंच लिहिलेलं नाही. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला दिसतो फक्त सायलेन्सरकडे चाललेल्या धुरातला उरलेला ऑक्सिजन. तो जास्त दिसला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत जातो, वाढवता वाढवता हद्द झाली की कोड टाकतो. म्हणजे ज्यानं चोरी कळवली त्यालाच आत टाकण्यासारखं झालं हे. ऑक्सिजन जास्त यायला कारणं भरपूर आहेत. एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) पुढचा रबरी पाइप तडकला (आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत बॉनेटखालचं रबर किती दिवस नरम राहणार), पंपाचं प्रेशर कमी झालं, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली. आणि सगळ्यात फसवं म्हणजे मिसिंग. एका सिलिंडरला प्लग पेटला नाही तर त्यातलं पेट्रोलही तसंच बाहेर पडतं अन् ऑक्सिजनही तसाच, सेन्सर बिचारा ऑक्सिजन मोजून "लीन" सांगतो, नाकाला मात्र कच्च्या पेट्रोलचा वास येत असतो. दोघंही खरंच बोलतायत.

हे शोधायला आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) बघायचं. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) लाँग (मुरलेलं) आणि शॉर्ट (तात्पुरतं) ट्रिम मिळून समजा +२० आहे आणि २५०० आरपीएमला रेस धरली की +४ वर येतं, तर कुठंतरी हवा लीक आहे, कारण आयडलला इंजिन हवा थोडी घेतं त्यामुळे चोरून येणारी हवा मोठी ठरते. उलट आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत गेलं तर पंप, फिल्टर किंवा घाण झालेला एअरफ्लो सेन्सर बघा.

सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारीचे कोड वेगळे असतात. पी०१३५, पी००३१ हे हीटर सर्किटचे, पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय. पण हीटरचा कोड आला तरी आधी फ्यूज अन् वायर बघा राव, खळ्यात लावलेल्या गाडीची वायर उंदरानं कुरतडणं आपल्याकडे काय नवीन आहे का.

आता मल्टिमीटर. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ती अर्धी खरी आहे. ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो तो जुना साधा ऑक्सिजन सेन्सर, रिचला वर लीनला खाली, मध्ये ०.४५ च्या आसपास पलटी. एअर-फ्युएल सेन्सर तसा नाचतच नाही. त्याच्यात सिग्नल म्हणजे करंट असतो, मिश्रण बरोबर असलं की जवळपास शून्य, लीनला एका दिशेनं आणि रिचला उलट दिशेनं, आणि वायरवरचं व्होल्टेज ईसीयूनंच धरून ठेवलेलं असतं. म्हणून मीटरवर आकडा स्थिर दिसणार, चांगल्या सेन्सरचा सुद्धा! या हिशेबानं रोज धडधाकट सेन्सर भंगारात जातील. टोयोटाच्या स्कॅनरवर तर बरोबर मिश्रणाला साधारण ३.३ व्होल्ट दिसतात आणि लीन झालं की आकडा वाढतो, म्हणजे जुन्याच्या बरोबर उलटं. वायरी मोजूनही कळत नाही, चार वायरी दोन्हीला असू शकतात. गाडीचा डायग्रॅम किंवा स्कॅनरचा लाइव्ह डेटा, तेवढ्यावरच विश्वास.

खरी टेस्ट एकच, त्याला रिच करून दाखवा अन् लीन करून दाखवा, आणि किती पटकन कळतं ते बघा. इंजिन पूर्ण गरम असताना लळिंग घाट उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल बंद करतो, तेव्हा सेन्सरनं लगेच पार लीनच्या टोकाला जायला पाहिजे. स्कॅनर बाजूच्याकडे द्या, स्टेअरिंगवर बसून आकडे बघू नका. परत रेस दिली की रिचकडे यायला पाहिजे. दोन्हीकडे झटकन गेला तर सेन्सर ठीक आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. जागचा हललाच नाही किंवा रेंगाळत गेला, आणि वायरिंग-लीक सगळं तपासून झालंय, तर मात्र बदला, सेन्सर मरतातही.

मायलेजचं थोडक्यात. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वर शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा तशीच कमी. हवा-इंधनाचं १४.७:१ हे गुणोत्तरही शुद्ध पेट्रोलचं, ई२० ला ते साधारण १३.५ वर येतं, आणि हा फरक सेन्सरच ईसीयूला सांभाळायला लावतो. त्याला कशाला शिव्या देता.

पेट्रोलात बुडवणं तर निव्वळ टाइमपास. सेन्सरचं टोक चालू असताना ७०० डिग्रीच्या आसपास तापतं, साधी काजळी तिथं आपोआप जळून जाते. जे जात नाही ते म्हणजे चुकीच्या सिलिकॉन सीलंटचा पांढरा थर किंवा ऑइलची राख, आणि ते पेट्रोलानं निघत नाही.

राहिला कपलर. काढल्यावर गाडी कधीकधी खरंच बरी चालते, कारण ईसीयू ठरलेल्या अंदाजानं पेट्रोल द्यायला लागतो. पण त्यानं एवढंच कळतं की आधी येणारी माहिती चुकीची होती, चूक सेन्सरची की लीकची की प्लगची ते नाही कळत. आणि तसंच पळवत राहिलात तर रिच धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतो, तो तापून आतून वितळतो, आणि त्याच्या किमतीपुढे सेन्सरची किंमत चिल्लर आहे.