शंका काढायची नसते

मार्गशीर्षात दादाच्या सोसायटीत, पार्ल्याला, ज्ञानेश्वरीचं पारायण झालं. दुसरा अध्याय संपल्यावर माझ्या पुतणीने विचारलं, आत्मा मरत नाही म्हणून समोरच्याला मारायला हरकत नाही, हे पटायचं कसं? असं तर कुठलाही खुनी म्हणेल. तिला उत्तर मिळालं, ‘पारायणात शंका काढायची नसते. ओवी अनुभवायची असते.’

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस त्यावर वाद चालला. एका भाच्याने लिहिलं, सातशे वर्षांपूर्वीचं वाचायचंच कशाला? मी इथून, जर्मनीतून, पुतणीची बाजू घेतली, तर दादाने लिहिलं, ‘तिकडे बसून चिकित्सा सुचते. इथे सकाळी आठची लोकल पकडणाऱ्याला आधार लागतो.’

महिना उलटला, तरी ते ‘तिकडे बसून’ मला गिळता आलेलं नाही.

शंका काढायची नसेल, तर ज्ञानेश्वरांचं काय करायचं? अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात ते सांगतात, ज्ञान हेही बंधनच. शिवसूत्रांत सदाशिवाने हे म्हटलंय, सत्त्वगुण ज्ञानाच्या पाशाने बांधतो असं गीतेत कृष्णानेही म्हटलंय. आणि लगेच पुढे, ‘परि शिवें कां श्रीवल्लभें। बोलिलें येणेंचि लोभें। मानूं तेंही लाभें। न बोलतांही॥’ शिव बोलला, कृष्ण बोलला, एवढ्यासाठी आम्ही हे मानत नाही. ते बोलले नसते तरी हे असंच असतं. गीतेवर नऊ हजार ओव्या रचणारा, विशीतला मुलगा हे तेराव्या शतकात लिहितो. कृष्णाच्या शब्दालाही तो नुसता शब्द म्हणून मान तुकवत नाही. आणि आपण एका मुलीला गप्प बसवतो!

नाथांनी तर 1584 साली पाठभेद शोधून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शंका आल्याशिवाय पाठभेद दिसतात का?

शिवाय पुतणीचा प्रश्न गीतेच्या बाहेरचा नाहीच. खुद्द कृष्ण ‘आत्मा अमर’ या एका मुद्द्यावर थांबत नाही. तो स्वधर्मावर येतो, अपकीर्तीची भीती घालतो, मग फळाची आस सोडून कर्म करण्यावर येतो. पहिलं उत्तर पुरेसं असतं, तर पुढचे सोळा अध्याय लागले असते का? हे पोरीला दिसलं. भाच्याला दिसणार नाही, कारण तो पुस्तक उघडणारच नाही. त्याचा मला जास्त राग आहे.

इथे बॉनला गुरुवारी संध्याकाळी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या शिक्षणकेंद्रात, आम्ही दहाबारा जण बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचतो. एक पाद्री, एक देव न मानणाऱ्या निवृत्त शिक्षिका, बाकीचे माझ्यासारखे. ईयोब देवाला जाब विचारतो, त्याचे मित्र देवाची वकिली करतात, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. पाद्रीबुवांनी हे स्वतः वाचून दाखवलं आणि शिक्षिकाबाईंनी त्यांच्याशी तासभर वाद घातला. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. याच गावात 1823 साली जर्मन पंडित श्लेगेलने गीता लॅटिनमध्ये आणली, मूळ श्लोक नागरी टाइपात छापून. हे सगळं मी दादाला लिहिलं.

पाद्रीबुवांच्या चर्चमधली बाकं रविवारी रिकामी असतात, हे मात्र लिहिलं नाही. पार्ल्याच्या त्या हॉलमध्ये मागे उभं राहायला जागा नव्हती, हे फोटोत दिसत होतं.

आणि आणखी एक. नाताळाआधीच्या गुरुवारी वाचनगटातल्यांनी मला ज्ञानेश्वरांवर बोलायला सांगितलं. बोलले, चांगलं बोलले. यूबानमधून घरी येताना लक्षात आलं की मी ज्ञानेश्वरी सलग कधी वाचलेलीच नाही. ऐकलीय. गिरगावातल्या खोलीत आजी पहाटे दिवा लावून वाचायची, आणि मी तिच्या पाठीला टेकून अर्धवट झोपेत असायचे. अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता, पण चाल अंगात भिनली होती. आता सार्थ प्रत समोर आहे, शब्दकोश आहे, अर्थ लागतो. चाल लागत नाही. मोठ्याने म्हणायला गेले की ओवी गद्यासारखी पडते, आणि शेजारच्या खोलीतून माझा मुलगा जर्मनमध्ये विचारतो, कुणाशी बोलतेयस?

आजीची चाल आता फक्त दादाला येते. ती मागायची, तर आधी त्याच्या त्या ‘तिकडे बसून’ला माझ्याकडे उत्तर हवं.