कावळ्याच्या यादीत माझं नाव

ठाण्यात पोखरण रोडच्या आतल्या गल्लीत आमचं तळमजल्याचं घर. पुढे बाग आहे असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. बाग म्हणजे आठ कुंड्या, एक कढीपत्ता आणि वर सोसायटीचा गुलमोहर. त्या गुलमोहरावर एप्रिलमध्ये कावळ्यांच्या एका जोडीने संसार मांडला. राखाडी मानेचे, आपले नेहमीचे गावकावळे. घरट्याला काटक्या, झाडूचे हीर आणि आमच्या दोरीवरचे तारेचे दोन हँगर. शर्ट चिखलात टाकून नुसते हँगर नेले.

जूनमध्ये पहिल्या पावसात पिल्लू कढीपत्त्याच्या कुंडीत पडलं. मांजर टपलेलं होतं, म्हणून मी ते अलगद उचलून भिंतीवर ठेवलं. तेवढंच केलं. पुढच्या क्षणी टाळूवर फटका बसला.

त्या दिवसापासून दूध आणायला निघालो की टपली, कचरा टाकायला गेलो की टपली. समोरून कधीच नाही. पाठ फिरली की मागून, आणि नेमकी केस संपतात तिथे. टोपी घातली, बिनपावसाची छत्री घेतली, एकदा हिची ओढणी गुंडाळून निघालो. वॉचमनने हटकलं, कावळ्याने मात्र ओळखलं. हिला काही त्रास नाही. ही शिळी पोळी टाकते, तो ती पाण्याच्या वाडग्यात बुडवून मऊ करून खातो. माझी कवळी येईपर्यंत मला हे सुचलं नव्हतं.

मुलीने शोध लावला. "बाबा, 2006 साली सिएटलला संशोधकांनी गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा दिसला की कावळे तुटून पडायचे, आणि अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा घातला की काहीच नाही. न पकडलेले कावळेसुद्धा बघून बघून शिकले." म्हणजे ही गल्लीभर बदनामी. बरं, कोकिळा याच्याच घरट्यात अंडं घालून जाते, ते याला ओळखू येत नाही. माझं तोंड मात्र पाठ!

खरी फजिती पितृपक्षात झाली. अप्पांच्या तिथीला भिंतीवर पान ठेवलं: खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. मी हात जोडून उभा. कावळा गुलमोहरावर, मला शिव्या देत. अर्धा तास झाला, शिवेना. भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरले. वरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "काहीतरी इच्छा राहिली असेल हो त्यांची."

मी म्हटलं, "अप्पा, तुमची स्कूटर भंगारात देणार नाही." काव. "गावच्या घराची कौलं बदलतो." काव. "धाकट्या काकांशी बोलतो." त्यावर तर दोन-तीन जण मिळून ओरडले.

शेवटी ही कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही जरा आत जा बघू."

मी पडद्याआड गेलो. दहा सेकंदांत वडा गायब! मग खीर, मग दुसरा वडा. बाहेर काकूंचा आवाज आला, "मुलावरच राग होता बाई अप्पांचा."

जेवताना मी हिला सगळं समजावलं. सिएटल, मुखवटा, सात कावळे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि भात वाढत म्हणाली, "ते असू दे. कौलांचं कधी बघताय? शब्द दिलाय तुम्ही."