पाच दिवसांत आयएसओ? भाच्या, पैसे भरू नकोस

"आयएसओ २७००१ नसलेली ॲप्स लवकरच प्ले स्टोअरवरून उडणार. सर्टिफाइड ॲप हॅक होत नाही. मुदत संपली की ॲप आपोआप बंद. आमच्याकडे पाच दिवसांत सर्टिफिकेट, सोबत ओवास्पचा शिक्का मोफत." हा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय. काल तो नुकताच ॲप बनवायला शिकलेल्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, "भरू का पैसे?"

उडवण्याची धमकी आधी निकालात काढू. आयएसओ २७००१ हे संस्था माहितीची सुरक्षा कशी सांभाळते याचं मानक. साध्या ॲपसाठी प्ले स्टोअरच्या अटींत ते कुठेच नाही. ॲप अडकतं ते टार्गेट एपीआय लेव्हल (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) जुनी राहिली म्हणून, ॲप कोणता डेटा घेतं ते सांगणारा डेटा सेफ्टीचा फॉर्म आणि ॲपचं वागणं जुळलं नाही म्हणून. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर प्रसिद्ध करण्याआधीच्या चाचणीत १२ टेस्टर सलग १४ दिवस टिकले नाहीत म्हणूनही. त्यावर मेसेजवाल्यांकडे औषध नाही.

आता "सर्टिफाइड ॲप हॅक होत नाही". या वाक्याने खरं नुकसान होतं. २७००१ ॲपला मिळतच नाही, ते संस्थेच्या कारभाराला मिळतं. ऑडिटर जोखमींची नोंदवही बघतो, कोणाला कशाचा ॲक्सेस आहे ते बघतो, नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं कधी बंद केलं ते विचारतो. २०२२ च्या आवृत्तीत ८.२८ हे सुरक्षित कोडिंगचं कलम आहे, मान्य. पण तिथेही तपासली जाते ती तुमची पद्धत आणि तिच्या नोंदी. तुमची एपीके, म्हणजे ॲपची तयार फाईल, उघडून ओळ न् ओळ कोणी वाचत नाही. शिवाय सर्टिफिकेटवर व्याप्तीची एक ओळ असते, ती वाचायचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. व्याप्तीत ॲप बनवणारा विभागच नसेल, तर त्या कागदाचा ॲपशी काडीचा संबंध नाही.

हल्ला करणारा मात्र एपीकेच उघडतो. जॅडएक्स या एपीकेतला कोड उलगडणाऱ्या साधनात फाईल टाकली की दोन मिनिटांत वाचता येईल असा कोड समोर येतो. मग 'सीक्रेट', 'टोकन' असे शब्द शोधायचे. पेमेंट गेटवेची गुप्त की बिल्डकॉन्फिग या सेटिंगच्या फाईलमध्ये नाहीतर स्ट्रिंग्सच्या फाईलमध्ये पडलेली सापडते. "आम्ही आर८ चालवतो" हे उत्तर ठरलेलं. आर८, म्हणजे बिल्ड करताना कोड आटोपशीर करणारं साधन, क्लासची आणि फंक्शनची नावं बदलतं, अवतरणचिन्हांतला मजकूर जसाच्या तसा राहतो. की सर्व्हरवर ठेवायची आणि ॲपला थोड्या वेळाचं टोकन द्यायचं, दुसरा इलाज नाही. तसंच मॅनिफेस्टचं, म्हणजे ॲपमध्ये काय काय आहे याची यादी देणाऱ्या फाईलचं. अँड्रॉइड १२ पासून इंटेंट फिल्टर (कोणत्या विनंत्या घ्यायच्या ते सांगणारी नोंद) असलेल्या प्रत्येक घटकापुढे तो 'एक्सपोर्टेड', म्हणजे इतर ॲप्सना खुला, आहे की नाही ते लिहावंच लागतं. बिल्ड अडली की लोक सगळीकडे 'ट्रू' टाकून मोकळे होतात, आणि लॉगिननंतरची स्क्रीन फोनवरचं दुसरं कुठलंही ॲप थेट उघडू शकतं. यातलं काहीही त्या कागदाने थांबत नाही.

ओवास्पचा शिक्का? ओवास्प ही सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणारी ना-नफा संस्था. मोबाइल ॲपच्या सुरक्षेसाठी ओवास्पचं एमएएसव्हीएस हे मानक आहे, आणि उत्तम आहे. पण ओवास्प कोणत्याही विक्रेत्याला, तपासणाऱ्याला किंवा सॉफ्टवेअरला सर्टिफिकेट देत नाही, हे त्याच मानकात छापलेलं आहे. जे अस्तित्वातच नाही ते मोफत द्यायला काय जातंय!

पाच दिवसांचं गणितही बसत नाही. आधी अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापनाचा आढावा झालेला हवा, मग बाहेरच्या ऑडिटचे दोन टप्पे, आणि दाखवायला प्रत्यक्ष कामाच्या नोंदी. पाच दिवसांत त्या नोंदी येणार कुठून? त्यातून आयएसओ स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त मानकं लिहिते. तेव्हा देणाऱ्या संस्थेला अधिमान्यता कोणाची, हे आधी विचारायचं.

एक कबूल करायला हवं: मोठ्या कंपनीला किंवा बँकेला ॲप विकायचं असेल, तर त्यांच्या खरेदी विभागाकडून २७००१ किंवा सॉक २ ची मागणी येतेच. सॉक २ हा कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेवरचा लेखापालाचा अहवाल असतो, सर्टिफिकेट नव्हे, ते असो. वैद्यकीय उपकरण ठरणारं ॲप असेल तर आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकाशी गाठ आहे. पण गणिताच्या कोड्यांचं ॲप करणाऱ्या मुलाला यातलं काही लागत नाही.

राहिलं "मुदत संपली की ॲप बंद". इथे साइनिंग सर्टिफिकेट (ॲपवरच्या डिजिटल सहीचं) आणि आयएसओ यांची खिचडी केली आहे. अँड्रॉइडवर साइनिंग सर्टिफिकेट आपणच बनवतो. प्लेची अट इतकीच, की त्याची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ नंतर संपली पाहिजे. ते बनवणाऱ्या कीटूलला १०००० दिवसांची मुदत दिली की काम झालं. ॲपलचं डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट वर्षाने संपतं, पण सदस्यत्व चालू असेल तर स्टोअरवरची ॲप्स चालूच राहतात, फक्त नवा अपडेट चढवायला नवं सर्टिफिकेट लागतं. बंद पडतात ती कंपनीने स्टोअरबाहेर, स्वतःच्या कर्मचाऱ्यांना वाटलेली ॲप्स.

तेव्हा पैसे राहू देत, कीस्टोअरची (सही करायची की जिच्यात असते ती) फाईल आणि तिचा पासवर्ड आजच लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेव. प्ले ॲप साइनिंग (ॲपची मुख्य की गूगलकडे ठेवायची सोय) चालू असेल तर हरवलेली अपलोड की, म्हणजे ॲप चढवताना वापरायची की, कन्सोलमधून रीसेट करून मागता येते. आणि मग स्वतःचीच एपीके जॅडएक्समध्ये उघडून बघ.