रोव्हर आणि मोबाईल एकच मोजतात? नाही हो!

गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की मोजणीचे पैसे भरू नका, रोव्हरमध्ये (मोजणीवाले काठीवर लावून आणतात तो सॅटेलाइट रिसीव्हर) पण तेच जीपीएस असतं, ॲप लावून शेताला चक्कर मारा, सेंटीमीटरपर्यंत हद्द मिळते. वाचून खरंच काळजी वाटली, कारण यावर विसंबून कुणी खुंट्या ठोकल्या तर भावाभावांत लागणार.

म्हणे सिग्नल तोच, मग आकडा वेगळा कसा? सिग्नल तोच आहे, पण त्यातलं मोजताय काय ते बघा ना. सॅटेलाइट साधारण २०,२०० किमीवरून कोड पाठवतो आणि मोबाईल मुख्यतः तो किती उशिरा पोचला यावरून अंतर काढतो. जीपीएसच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नेहमीच्या कोडचा एक तुकडा अंतरात धरला तर जवळपास २९३ मीटर, त्याचा शंभरावा भाग पकडला तरी ३ मीटर झाले. रोव्हर मात्र कोड ज्या लहरीवर बसून येतो ती लहरच मोजतो, एल१ (जीपीएसचा मुख्य सिग्नल) ची लहर फक्त १९ सेंटीमीटरची, तिचा शंभरावा भाग २ मिलिमीटर!

पण सगळ्या लहरी सारख्याच दिसतात, मधे पूर्ण लहरी किती ते थेट कळत नाही. ते सोडवायला जागा आधीच पक्की माहीत असलेला दुसरा रिसीव्हर लागतो, सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशनं, म्हणजे एका जागी कायम बसवलेले रिसीव्हर, त्यासाठीच आहेत. दोघांना तेच सॅटेलाइट दिसतात म्हणून घड्याळाची आणि वातावरणातली चूक वजाबाकीत बरीचशी जाते, आणि मग रोव्हरवर 'फ्लोट' (लहरींचा आकडा अजून पक्का नाही) जाऊन 'फिक्स' (आकडा पक्का झाला) येतं.

काही मोबाईल पण लहर मोजतात हे मान्य, पण अँटेना एवढीशी, त्यात झाडाभिंतींवरून उलटून आलेला सिग्नल घुसतो.

'ॲपमध्ये सात दशांश दिसतात' हा तर पुरावाच नाही. सातवा दशांश म्हणजे साधारण १ सेंटीमीटर, बरोबर, पण मोबाईल एका जागी ठेवा आणि बघा, पाचवा आकडाच हलत असतो.

नेट फास्ट असलं की अचूकता वाढते म्हणतात, तेही चूक. मोबाईलला नेटमुळे सॅटेलाइट लवकर सापडतात एवढंच, रोव्हरला नेट लागतं ते कॉर्सचं करेक्शन घ्यायला.

बियाण्याचा अंदाज घ्यायला ॲप मीही वापरतो. पण गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर, आणि मोकळ्या आभाळाखाली सुद्धा मोबाईल ५ मीटर सहज चुकतो, मग बांध कुठे धरणार? मोजणीवाले आले की स्क्रीनवर 'फिक्स' आहे का ते स्वतः बघा, 'फ्लोट' असताना पॉइंट घेऊ देऊ नका.