हिशेबनीस काढून टाका म्हणे!

‘फाउंडेशनकडून ग्रँट मिळवण्याची सहा गुपितं’ नावाचा एक मेसेज सध्या लहान संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, आधार कशाचाच नाही. खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त संस्थांपर्यंत पोहोचवा’ ही विनंती तेवढी आहे. गुपितं थोडक्यात अशी: प्रशासकीय खर्च, म्हणजे हिशेबनीस, ऑडिट, भाडं वगैरे, शून्य दाखवा. लाभार्थींचा आकडा जमेल तेवढा फुगवा. हवेत त्याच्या दुप्पट पैसे मागा, ते निम्मे कापतातच. एकच प्रपोजल शंभर ठिकाणी पाठवा. अपयशाचा उल्लेख कुठेही येऊ देऊ नका. आणि सहावं, अर्ज कुणी वाचत नाही, सगळं ओळखीवर चालतं.

पहिली पाच गुपितं अर्ज कसा भरावा ते शिकवतात आणि सहावं सांगतं की तो कुणी वाचतच नाही. हे लिहिणाऱ्याला खटकलं नाही, पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही.

मी दुर्लक्षच केलं असतं, पण हा मेसेज माझ्या नणंदेपर्यंत पोहोचला. ती मुलांसाठी शाळेनंतरचे अभ्यासवर्ग चालवते. छोटी संस्था, काम मनापासून. एका फाउंडेशनला पाठवायचं बजेट तिनं मला नजरेखालून घालायला दिलं, कारण संस्थांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम आहे. बघते तर ‘हिशेबनीस, अर्धवेळ’ ही ओळ गायब. ऑडिटची फी गायब. जागेचं भाडं निम्म्यावर आलेलं. आणि वाचलेली सगळी रक्कम ‘शैक्षणिक साहित्य’ या एका ओळीत कोंबलेली. वर मलाच विचारते, “वहिनी, आता कसं स्वच्छ दिसतंय ना?”

स्वच्छ कसलं? त्याच प्रपोजलमध्ये पुढे लिहिलंय की दर तिमाहीला खर्चाचा तपशीलवार अहवाल देऊ. तो कोण लिहिणार? शिवाय अर्जासोबत मागच्या वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब जोडायचे असतात. त्यात हिशेबनिसाचा पगार आहे, पूर्ण भाडंही आहे. अर्ज तपासणारा माणूस हे दोन कागद शेजारी ठेवतो, हे तर त्याचं पहिलं काम. त्याला दोनच अर्थ लागतात: एक तर या संस्थेला स्वतःचा खर्च कळत नाही, किंवा कळतो आणि ती लपवते. दोन्हींत पैसे देण्यासारखं काही नाही.

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण सहांपैकी सगळ्यात जास्त नुकसान याच्यामुळे होतं. आणि हा रोग नवा नाही. अमेरिकेत अर्बन इन्स्टिट्यूट आणि इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी धर्मादाय संस्थांची 2,20,000 हून अधिक विवरणपत्रं तपासली होती. एक तृतीयांशाहून जास्त संस्थांनी निधी उभारण्याचा खर्च शून्य दाखवला होता. दर आठांतल्या एका संस्थेनं व्यवस्थापनाचा खर्चही शून्य! म्हणजे देणग्या आपोआप चालत आल्या आणि कार्यालय हवेवर चाललं. संशोधक प्रत्यक्ष संस्थांमध्ये गेले तेव्हा दिसलं ते वेगळंच: बंद पडलेले कॉम्प्युटर, कामाचं प्रशिक्षण नसलेले कर्मचारी, आणि एके ठिकाणी फर्निचर इतकं मोडकळीला आलेलं की सामान हलवणाऱ्यांनी ते उचलायला नकार दिला. 

ॲन गोगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी 2009 मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मधल्या लेखात याचं चक्र मांडलं. फंडरना, म्हणजे पैसे देणाऱ्यांना, खरा खर्च माहीत नसतो, म्हणून ते प्रशासकीय खर्चाच्या अवास्तव कमी टक्क्यांची अपेक्षा करतात. संस्था ती पुरी करायला काटकसर करतात आणि वर आकडेही कमी दाखवतात. ते कमी आकडे बघून फंडरची अपेक्षा आणखी खाली जाते. नणंदेच्या बजेटातून उडालेली ती एक ओळ या चक्रातलीच. आज हिनं हिशेबनीस फुकटात दाखवला की उद्या शेजारच्या संस्थेला फंडर विचारणार, तुम्हालाच पगार कशाला लागतो?

2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या धर्मादाय संस्थांची माहिती आणि पारख देणाऱ्या तीन अमेरिकन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं, की प्रशासकीय खर्चाची टक्केवारी हे संस्थेचं काम जोखण्याचं चांगलं माप नाही. यातल्या चॅरिटी नेव्हिगेटरच्या गुणांकनात हीच टक्केवारी मोजली जात होती, तरी त्यांनी हे मान्य केलं. दोन वर्षांनी फोर्ड फाउंडेशननं प्रकल्प-अनुदानांतला ओव्हरहेडचा, म्हणजे याच प्रशासकीय खर्चाचा, वाटा 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेला. आणि आमचा अनामिक सल्लागार अजून शून्यावर बसलाय.

आता नाइलाजानं एक कबूल करते. या खर्चाला मर्यादा असतात. पुष्कळ फाउंडेशनं आजही 10 किंवा 15 टक्क्यांच्या वर द्यायला तयार नसतात, आणि काही ठिकाणी तर कायद्यानंच मर्यादा घातलेली असते. भारतात परदेशी देणगीच्या बाबतीत ती 2020 मध्ये 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. मर्यादा दिली असेल तर ती पाळावीच लागेल. पण म्हणून शून्य लिहायचं कारण नाही. फंडर प्रशासकीय कशाला म्हणतो ते त्याच्या सूचनांत वाचा. वर्गांवर देखरेख करणाऱ्या बाईचा पगार पुष्कळदा कार्यक्रमाच्या खर्चात बसतो. जागा वर्गांसाठी दिवसातले जेवढे तास वापरली जाते, त्या प्रमाणात भाडंही तिथे दाखवता येतं. हिशेबनिसाचा वेळही तसाच वाटून लावता येतो, फक्त कसा वाटला ते एका ओळीत लिहायचं. याला लबाडी म्हणत नाहीत, हा साधा हिशेब आहे.

लाभार्थींच्या आकड्याबद्दल. चाळीस मुलांची हजेरी असलेला वर्ग कागदावर ‘1,200 लाभार्थी’ कसा होतो ते मी पाहिलंय. तेच मूल वाचनाच्या तासाला एकदा, खेळाला एकदा, आरोग्य तपासणीला एकदा मोजायचं, मग घरातली माणसं ‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ म्हणून जोडायची. तपासणारा 1,200 ला शिक्षकांच्या संख्येनं भागतो आणि अर्ज बाजूला ठेवतो. त्याला हवं असतं ते दुसरंच: किती मुलं आली, त्यातली किती टिकली, आणि टिकलेल्यांत काय बदललं? वर्षाच्या सुरुवातीला जोडाक्षरं न वाचता येणाऱ्यांपैकी किती आता धडा वाचतात, हा छोटा आकडा त्या बाराशेपेक्षा कितीतरी जड आहे.

दुप्पट मागण्याचा सल्ला तर मूर्खपणाचा कळस. संस्थेची वर्षाची उलाढाल पाच लाख आणि मागणी दहा लाखांची, हे बघून कुणीही विचारेल की एवढे पैसे खर्च करणार कोण, आणि अनुदान संपल्यावर पुढे काय. निम्मे कापूनही काम तेवढंच होणार असेल, तर मग मूळ आकडा काय होता?

ओळखीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बरीच फाउंडेशनं न मागवलेले अर्ज घेतच नाहीत, स्वतःच संस्था शोधतात. अमेरिकेतल्या दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी अब्जावधी डॉलर बहुतांशी असेच दिले, अर्ज न मागवता. मेसेजवाल्याला हेच उदाहरण पुरलं असावं. पण त्याच स्कॉट यांच्या यील्ड गिव्हिंग या देणगी-उपक्रमानं 2023 मध्ये समाजाच्या पुढाकारानं चालणाऱ्या संस्थांकडून खुले अर्ज मागवले. 6,353 अर्ज आले. पहिल्या फेरीत ते अर्जदार संस्थांनीच एकमेकांचे वाचले आणि गुण दिले, मग बाहेरच्या परीक्षकांनी. ठरलं होतं 250 संस्थांना द्यायचं. मार्च 2024 मध्ये 361 संस्थांना मिळून 64 कोटी डॉलर जाहीर झाले. म्हणजे वाचणारे वाचतात, आणि चांगलं सापडलं तर हातही सैल सोडतात.

बाकी ओळख म्हणाल, तर ती करून घेता येते. अर्जाआधी फाउंडेशनमध्ये तो विषय बघणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला दोन ओळींचा ईमेल: आमचं काम हे, तुमच्या विषयात बसतं का? ‘नाही’ असं उत्तर आलं तरी महिनाभराची मेहनत वाचते. शंभर ठिकाणी एकच प्रपोजल पाठवण्याला हेच उत्तर आहे, वेगळं द्यायला नको. नाकारल्या जाणाऱ्या अर्जांत पुष्कळसे त्या फाउंडेशनच्या विषयात किंवा भागातच न बसणारे असतात. काहींत तर आधीच्या फाउंडेशनचं नाव बदलायचंही राहिलेलं असतं.

अपयश लपवण्याबद्दल एवढंच, की बऱ्याच अर्जांत ‘अडचणी कोणत्या येतील आणि त्यावर काय करणार’ असा रकानाच असतो. नणंदेच्या वर्गांतली मोठी मुलं परीक्षेच्या आधी गळतात. त्या रकान्यात तिनं ‘काही नाही’ लिहिलं होतं. ते खोडून गळतीचं कारण आणि मोठ्या मुलांसाठी वर्गाची वेळ बदलण्याचा तिचा बेत लिहायला सांगितलाय, आणि हिशेबनिसाची ओळ परत घालायला.