‘मनमिळाऊ’ हा शब्द आधी खोडा

चार महिन्यांत आमच्यातली चार माणसं गेली. वाचनालय सांभाळणारे आजोबा, शिवणकाम करणाऱ्या मावशी, समितीचा हिशेब बघणारे काका आणि रात्रपाळीचा वॉचमन. चौघांची मिळून एक शोकसभा झाली. पाच-सहा जण बोलले, मीही बोललो. घरी परतताना कुणी कुणाशी बोललं नाही.

रविवारी कट्ट्यावर ताईनं तोंड फोडलं. ती नर्स आहे, मरण तिच्या रोजच्या कामातलं.

“त्या दिवशी चारही नावं अदलाबदल केली असती तरी भाषणं तशीच चालली असती. चौघंही मनमिळाऊ, चौघंही परोपकारी, चौघांचीही पोकळी भरून न निघणारी. मी मावशींच्या हातचे कपडे वीस वर्षं घातले. त्या सभेत मला त्या कुठे दिसल्याच नाहीत.”

“मग काय करायचं म्हणतेस?” गुरुजींनी विचारलं.

“एक वही करायची. प्रत्येकाची दोन-चार पानं. ज्याला जे आठवतं ते त्यानं लिहायचं.”

गुरुजींना ते पटलं नाही. वहीला त्यांची हरकत नव्हती, घाईला होती. दुःख अजून ओलं आहे, घरच्यांना सावरू द्या, वर्षभरानं शांतपणे लिहू, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या भावाचं उदाहरण दिलं. भाऊ गेल्यावर पहिले सहा महिने त्यांना फक्त हॉस्पिटलातला चेहरा दिसायचा. त्या आधीची पन्नास वर्षं हळूहळू परत आली. “तेव्हा लिहिलं असतं तर आजारपणच लिहिलं असतं,” ते म्हणाले.

मला हे खरं वाटतं. पण त्यावर धाकट्यानं जे सांगितलं तेही तितकंच खरं. तो मानसशास्त्र शिकतो. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं पुन्हापुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ साली त्यानं हे सगळं प्रसिद्ध केलं. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली. वेगळ्या धाटणीच्या होड्यांच्या साध्या बोटी झाल्या, सील मारायला निघालेली माणसं मासे धरायला गेली. जे जे त्या मुलांच्या ओळखीचं नव्हतं ते गळालं, नाहीतर ओळखीचं होऊन बसलं.

“म्हणजे वर्षभर थांबलो तर मावशी आपल्याला सोयीच्या होतील,” ताई म्हणाली.

शेवटी मधला रस्ता निघाला. आठवणी आता गोळा करायच्या, मांडणी नंतर. गुरुजींनी मान हलवली, पण पूर्ण नाही.

खरा वाद पुढे होता. काय लिहायचं?

दादा वर्तमानपत्रात वीस वर्षं निधनवार्ता बघतो. तो म्हणाला, “आमचा साचा ठरलेला आहे. नाव, वय, वृद्धापकाळानं की अल्पशा आजारानं, आणि ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. मागे राहिलेल्यांची मोजदाद होते, गेलेला माणूस मात्र त्यात नसतो. दोष कुणाचा नाही, जागाच तेवढी असते. पण आपल्याला जागेची काय अडचण?”

मग त्यानं ह्यू मॅसिंगबर्डची गोष्ट सांगितली. लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये १९८६ ते १९९४ या काळात हा माणूस मृत्युलेखांचा संपादक होता. पदं आणि पदव्या यांची जंत्री त्यानं मागे सारली आणि माणसांचे किस्से, सवयी, लकबी छापायला सुरुवात केली. दुर्गुण सांगायचे तर एक सभ्य सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘मैफिलीत रमणारे’ म्हणजे पिऊन पडणारे. ‘मूर्खांची गय न करणारे’ म्हणजे येईल त्याच्या अंगावर ओरडणारे. वाचणाऱ्याला बरोबर कळायचं.

गुरुजींचा आवाज चढला. “हे मला मान्य नाही. आडून बोलणं म्हणजे पाठीत मारणं. आणि तेही अशा माणसाच्या, जो उठून उत्तर देऊ शकत नाही. मरणान्तानि वैराणि. खुद्द रामानं विभीषणाला सांगितलं, मरणाबरोबर वैर संपलं. समोर पडला होता तो रावण!”

“वैर संपलं असं सांगितलं, गुरुजी,” ताई म्हणाली. “रावणाची हकीकत सांगू नका असं नाही सांगितलं.”

यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मला तेव्हा माझी गोष्ट सांगावीशी वाटली. काही वर्षांपूर्वी माझा एक जवळचा मित्र गेला. त्याच्यावर मी एक पान लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं. महिन्याभरानं त्याची मुलगी भेटली. ती म्हणाली, “काका, छान लिहिलंय. पण ते बाबा नाहीत.” मी लिहिलं होतं की तो सदा हसतमुख असायचा. तो हसतमुख नव्हता. तो घुम्या होता, तासन्‌तास गप्प बसायचा आणि त्याच्याजवळ गप्प बसणं ही मला आयुष्यात मिळालेली फार मोठी गोष्ट होती. हे मला माहीत होतं. लेखणी हातात आल्यावर मी जे लिहायची रीत आहे ते लिहिलं. तिच्याकडे बापाचं म्हणून माझं जे एकमेव पान आहे ते एका भलत्याच माणसाचं आहे, ही गोष्ट मला अजून टोचते.

दादा म्हणाला, न्यूयॉर्क टाइम्सनं २००१ च्या हल्ल्यानंतर नेमका हाच प्रश्न हाताळला. हजारो माणसं एका सकाळी गेली, सगळ्यांचे रीतसर मृत्युलेख अशक्य. मग बातमीदारांनी घरोघरी फोन केले आणि एकेकाचं साधारण दोनशे शब्दांचं लहानसं चित्र लिहिलं. शिक्षण, पगार, पद यांना महत्त्व नाही. एखादी आवड, एखादी सवय, घरात घातलेला गोंधळ. बँकेतला मोठा अधिकारी आणि भांडी घासणारा कामगार, दोघांना जागा सारखी. ते वर्ष संपेपर्यंत जवळजवळ रोज ही चित्रं येत राहिली.

“दोनशे शब्दांत माणूस बसतो?” गुरुजी.

“बसत नाही. पण ओळखू येतो.”

“आणि त्यावरही टीका झालीच,” धाकटा म्हणाला. “कारण फोन घरच्यांनाच केले. प्रत्येक जण प्रेमळ बाप, प्रत्येक जण हौशी नवरा. एकही तिरसट नाही. एवढ्या माणसांत एकही तिरसट नसेल?”

इथे सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. हिशेबवाले काका.

काकांनी अकरा वर्षं समितीचे हिशेब ठेवले. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची बिलं खोटी आहेत हे त्यांनी एकट्यानं शोधलं आणि दोन वर्षं लावून धरलं. त्या दोन वर्षांत त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मीही नाही. पैसे परत आले तेव्हा आम्ही त्यांचे आभारही मानले नाहीत. ही एक बाजू. दुसरी अशी की याच काकांनी भर बैठकीत मावशींच्या मुलाला थकबाकीवरून नको ते बोललं होतं. त्याचा धंदा बुडाला होता, हे त्यांना माहीत होतं. मुलगा रडत बाहेर गेला. काकांनी त्याची माफी कधी मागितली नाही. मावशींनी त्यानंतर काकांच्या घरचं शिवण घेतलं नाही. आता दोघंही नाहीत, आणि वहीत दोघांची पानं शेजारी येणार.

गुरुजी म्हणाले, टाकीचं लिहा, बैठकीचं गाळा. मेल्या म्हशीला मणभर दूध असं करू नका, हे मलाही कळतं, पण जखम उघडी करण्यात काय पुण्य आहे? मावशींचा मुलगा ते वाचेल.

ताईचं उलट. मावशींच्या मुलानं वाचलं आणि त्यात टाकीच असेल, बैठक नसेल, तर त्याला काय वाटेल? आपल्या बाबतीत जे झालं ते कुणी पाहिलंच नाही, असंच ना?

मला ताईचं पटलं, आणि अजूनही पटतं. पण एक अट मी घातली: जो तिथे होता त्यानंच लिहायचं, स्वतःच्या नावानं. ऐकीव काही नको. आजारपणातलं, घरातलं, उशाशी बसून कळलेलं असं काही घरच्यांच्या परवानगीशिवाय नको. ताई म्हणाली, ते तर तिच्या नोकरीतही शिकवतात.

हे चालू असताना काकू तिथून जात होत्या. आम्ही एकदम गप्प झालो, आणि त्यांना ते कळलं. ताईनंच धीर करून विचारलं. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “लिहा. भांडायचे म्हणून लिहा. फक्त ‘बाहेर कडक पण घरात मवाळ’ असलं काही लिहू नका. माझ्याशीही तेवढंच भांडायचे.” थोडं थांबून म्हणाल्या, “रात्री बेरीज चुकली की मला उठवायचे. मी वाचायची, ते मांडायचे. ती बिलं मीच पहिल्यांदा वाचून दाखवली होती.”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षं. गुरुजींनी त्यानंतर बैठकीचा विषय काढला नाही. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांनी काकूंना बसायला जागा दिली आणि “हे तुमच्या हातानं लिहा” एवढंच म्हणाले.

मावशींचं पान मात्र कुणी मागून घेतलं नाही. “त्या काय, घरीच असायच्या,” असं दादाच म्हणाला, आणि मग त्यालाच ते लागलं. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ साली कबूल केलं होतं की १८५१ पासून त्यांच्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचीच गर्दी आहे. त्यांनी राहून गेलेल्यांवर नव्यानं लेख लिहायला घेतले. पहिल्याच खेपेच्या पंधरा बायकांत मधुबाला होती. ती गेली १९६९ साली. “एकोणपन्नास वर्षं,” दादा म्हणाला. “मधुबालेला. मग मावशींना किती?” आणि पान त्यानंच घेतलं. त्याला पहिलंच आठवलं ते हे: मावशी माप घेताना फीत वापरायच्या नाहीत. वीत आणि बोटं. आणि वाढत्या मुलांच्या कपड्यांत आतून दोन बोटं कापड दुमडून ठेवायच्या, न सांगता. पुढच्या वर्षी आई उसवायला आली की, “आहे आत,” म्हणायच्या.

आजोबांचं पान सोपं होतं. सगळ्यांकडे त्यांचं काही ना काही होतं. त्यावर वेळ घालवला नाही.

राहिला वॉचमन. सात वर्षं होता. आम्हाला त्याचं फक्त पहिलं नाव माहीत होतं. गाव माहीत नाही, वय माहीत नाही. शोकसभेत त्याच्यावर मीच बोललो होतो. ‘प्रामाणिक सेवक’ म्हणालो होतो.

धाकट्यानं अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांच्या आठवणीसाठी शिवलेल्या गोधडीबद्दल सांगितलं. १९८७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा मैदानावर अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका कबरीच्या मापाचा, एकेका माणसाच्या नावाचा, त्याच्या माणसांनी हातानं शिवलेला. काही तुकड्यांवर नुसतं पहिलं नाव. घरच्यांना पूर्ण नाव नको होतं. तरी तुकड्याचं माप तेवढंच. “पहिलं नाव तर पहिलं नाव,” तो म्हणाला. “पान तेवढंच मोठं ठेवायचं.”

ताई उठली आणि गेटवरच्या केबिनमधून जाण्यायेण्याची नोंदवही घेऊन आली. त्यात आम्ही सगळे होतो, त्याच्या अक्षरात. दिवसाच्या पानांवर पाहुण्यांच्या सह्या. रात्रीच्या पानांवर त्यानं स्वतःच काहीतरी सुरू केलेलं. उशिरा बाहेर पडलेल्या प्रत्येकासमोर वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ‘आले’. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी, रात्री पावणेबारा, औषध, ‘आले’. ताई, रात्रपाळी, ‘आली’, सात वर्षं, शेकडो वेळा. धाकटा, पहाटे दोन, ‘आला’. माझा मित्र गेला त्या रात्रीचं पान मी शोधलं. मी किती वाजता परतलो हे मला आठवत नव्हतं. त्याच्याकडे होतं.

आजोबांना ॲम्ब्युलन्स घेऊन गेली ते पानही सापडलं. नाव, वेळ, ‘दवाखाना’. शेवटचा रकाना कोरा. त्यानंतर तो स्वतः दीड महिना जगला, त्यानं रोज पुढची पानं भरली, पण तिथे परत येऊन काही लिहिलं नाही.

गुरुजींनी चष्मा काढून ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, याचं पान मी लिहितो, पण आधी पूर्ण नाव पाहिजे. त्याच्या मुलाचा नंबर समितीकडे आहे. भाषेची थोडी अडचण आहे, म्हणून ताई बोलणार आहे. वही त्याला हवी असेल तर मूळ प्रत द्यायची, आपण झेरॉक्स ठेवायची.